साबणाचा आळ

मी एक जुनी लाकडी फळी आहे, कोथिंबीर चिरायची. कांदा, बटाटा, गाजर यांच्यासाठी आमच्या खानावळीत दुसऱ्या फळ्या आहेत. माझ्यावर कोथिंबिरीखेरीज काही चिरलं जात नाही. मित्रांनो, तुमच्या ओट्याच्या कोपऱ्यातही माझी एखादी बहीण भिंतीला टेकून उभी असेल आणि तुम्ही तिच्याकडे कधी धड पाहिलंही नसेल. त्याचा मला राग नाही. पण आज जरा बसा माझ्याजवळ. एक गोष्ट मनात सलते आहे. आम्हा फळ्यांना तोंड नाही, म्हणून ती वेळेवर सांगायची राहून गेली.

माझा जन्म सुताराच्या हातून झाला, तोही ठरवून नव्हे. खानावळ नवीन निघत होती. सुताराने पुढच्या खोलीतलं लांब टेबल बनवलं, ज्याच्यामागे मालकीण उभी राहते आणि जिथून वाडगे गिऱ्हाइकांकडे जातात. शेवटी हातभर तुकडा उरला. तो टाकून देणं त्याच्या जिवावर आलं. त्याने माझ्या कडा घासल्या, एका टोकाला भोक पाडलं, मला तेल पाजलं आणि मालकिणीला म्हणाला, "ही घ्या, फुकटची." म्हणजे ते टेबल माझं सख्खं भावंड. त्याला रोज स्वच्छ फडकं मिळतं, आल्यागेल्यांचं कौतुक मिळतं; माझ्या वाट्याला सुरी आली. तरी मला त्याचा हेवा वाटला नाही. कोथिंबिरीचा वास त्याला कुठे माहीत आहे?

तो वास माझ्या अंगात मुरला आहे. सकाळी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या जुड्या माझ्यावर यायच्या. मालकीण मुळं छाटायची, पिवळी पानं काढून टाकायची आणि मग कोवळ्या देठांसकट इतकी बारीक चिरायची की माझ्यावर हिरवा ढीग व्हायचा. त्या वेळी ती गुणगुणत असायची. दिवसभरात एरवी तिच्या तोंडून गाणं ऐकू येत नसे.

आमच्या खानावळीत मिळायचं काय, तर गरम सूप, उकडलेले बटाटे आणि पाव. त्यात नवल काहीच नाही. नवल होतं ते कोथिंबिरीचं. वाडग्यात सूप ओतलं की मालकीण स्वतःच्या हाताने वरून मूठभर कोथिंबीर पेरायची आणि मगच वाडगा पुढे सरकवायची. हवी की नको, हे तिने कधी कुणाला विचारलं नाही. एखादा नवखा "मला नको हं" म्हणालाच, तर ती हसून "खाऊन तर बघा" म्हणायची, आणि तोवर घालून मोकळी झालेली असायची. लोक म्हणायचे, काकूंच्या हाताला चव आहे. ती चव माझ्यावरून जाते हे मला ठाऊक होतं, आणि मी मनातल्या मनात फुगून बसायचे.

माझी खरी काळजी घेतली ती मात्र मावशीने. ती भांडी घासायला यायची. वयाने मालकिणीपेक्षा लहान, पण सगळे तिला मावशीच म्हणायचे, मालकीणसुद्धा. तांब्यापितळेपासून काचेपर्यंत सगळं ती साबणाने घासायची, मला मात्र साबणाचा हात लावायची नाही. "लाकूड साबण पितं, बाई," ती म्हणायची. मला ती जाडं मीठ चोळायची, लिंबाची फोड फिरवायची, गरम पाणी ओतायची आणि खिडकीशी उभी करायची, दोन्ही बाजूंनी वारा लागेल अशी. पाठीवरून फिरणारा तो खरखरीत हात मला सुरीच्या सगळ्या घावांचा विसर पाडायचा. साबण म्हणजे काय, हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं रामायण त्यावरूनच झालं.

मालकिणीचा मुलगा गॅरेजमध्ये कामाला. लग्नानंतर तो दुसऱ्या गावी राहत होता. पुढे बायकोला इथल्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली आणि तिघंही इकडे राहायला आली. तिसरी म्हणजे त्यांची मुलगी, पहिलीत जाणारी, पुढचे दोन दात पडलेली. आईबाप दोघंही कामावर, त्यामुळे शाळा सुटली की ती खानावळीत यायची आणि आजीच्या हातचं जेवायची. मालकिणीला आभाळ ठेंगणं झालं होतं. पहिल्या दिवशी तिने नातीसाठी सगळ्यात लहान वाडगा शोधून काढला, त्यात सूप ओतलं आणि वर नेहमीपेक्षा जास्तच कोथिंबीर घातली.

पोरीने एक घास घेतला आणि तो तसाच वाडग्यात थुंकला.

"आजी, साबण लागतोय!"

ऐन जेवणाची वेळ. सगळी टेबलं भरलेली. हातातले चमचे हवेत थांबले. मालकिणीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तिने वाडगा उचलला, हुंगला, चाखला. तिला अर्थातच काही लागलं नाही. "काहीतरीच काय बोलतेस," ती म्हणाली, आणि दुसऱ्या वाडग्यात सूप दिलं. वर पुन्हा कोथिंबीर. पोरीने पुन्हा तोंड वाकडं केलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "खरंच साबण आहे. आंघोळीच्या साबणासारखा."

तेवढ्यात खिडकीजवळचा शिंपी बोलला. हा रोजचा गिऱ्हाईक, बोलण्याची भारी हौस. "तरीच!" तो म्हणाला. "काकू, मी कधी बोललो नाही, पण इथं मला बऱ्याचदा साबणासारखं काहीतरी लागतं. म्हटलं, भ्रम असेल. लहान मुलं खोटं बोलत नाहीत."

झालं. त्या एका वाक्याने मावशीचं नशीब फिरलं.

मालकिणीने तिला मोरीवरून बोलावून घेतलं, सगळ्यांसमोर. मावशी पदराला हात पुसत आली. मी तेव्हा टेबलावरच होते, अंगावर हिरवा ढीग घेऊन.

"मावशी, भांडी नीट खळबळत जा. वाडग्यांना साबण राहतोय."

"नाही हो बाई. तीनदा पाणी घेते मी."

"मग ही पोर काय खोटं बोलते? आणि हे?" तिने शिंप्याकडे बोट दाखवलं.

"मी कशाला कुणाला खोटं म्हणू. पण माझ्याकडून साबण राहत नाही. आणि फळीला तर मी साबण लावतच नाही, बाई, तुम्हाला माहिती आहे."

"आता उलट बोलू नका."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर! मी ओरडून सांगितलं असतं की ही बाई माझ्यावर साबणाचा थेंब पडू देत नाही. पण मी होते तिथेच पडून राहिले. आणि त्या खोलीत तोंड असलेला एक माणूस होता, तोही गप्प बसला. मालकिणीचा मुलगा जेवणाच्या सुट्टीत आला होता, कोपऱ्यातल्या टेबलावर खाली मान घालून बसला होता. त्याची जेवायची एक तऱ्हा होती. सुपाचा वरचा घास तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचा आणि लगेच पावाचा मोठा तुकडा कोंबायचा. आम्हाला वाटायचं, घाईत असतो. त्याच्या स्वतःच्या घरी कधी कोथिंबीर आणली जात नसे, हे तर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवशी तो वर बघायला तयार नव्हता.

पुढचे काही दिवस मावशीने काय काय करून पाहिलं! मालकिणीच्या डोळ्यांदेखत ती भांडी धुवायची, उकळतं पाणी ओतायची. एकदा तर तिने साबण बाजूला ठेवून वाडगे नुसत्या राखेने घासले. पोरगी जेवायला बसली की मावशी दाराआडून बघत राहायची, जीव टांगणीला लावून. आणि पोरगी घास घेऊन म्हणायची, "आहे अजून." तिचा तरी काय दोष? तिला जे लागत होतं ते ती सांगत होती. एवढ्या सगळ्यांत कुणाच्याही डोक्यात आलं नाही की पोरीला कोथिंबिरीचं नुसतं एक पान चघळायला द्यावं. कोथिंबिरीवर संशय घेणं म्हणजे खुद्द मालकिणीवर संशय घेणं, आणि ते त्या घरात कुणाला सुचणं शक्य नव्हतं.

शेवटी एका दुपारी मालकीण म्हणाली, "मावशी, उद्यापासून येऊ नका."

मावशीने हातातला वाडगा आधी पूर्ण धुतला. मग मला उचललं, मीठ चोळलं, खिडकीशी उभं केलं. "बाई, मी चोरी केली असती तर खाली मान घालून गेले असते," ती म्हणाली. "पण हे तुम्ही भरल्या टेबलांसमोर बोललात. आता मला कोण स्वयंपाकघरात घेईल?" मावशी मागच्या दाराने गेली.

दुसऱ्या दिवसापासून भांडी मालकीण स्वतः धुऊ लागली. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा साबण लागला. डोळ्यांत तेल घालून ती मला घासायची, नळाखाली धरायची, मग ओलीच आडवी टाकायची. मी फुगले, वाळले, पुन्हा फुगले. माझ्या मधोमध एक बारीक चीर पडली. पण ते दुखणं राहू द्या. रोज दुपारी पोरगी यायची, तिच्यापुढे वाडगा यायचा, आणि ती एक घास घेऊन चमचा खाली ठेवायची.

आता मालकीण कुणाला बोलणार? भांडी तिने स्वतः धुतली होती. माणूस चुकल्यावर थांबतो कुठे; दोन आठवड्यांनी एका दुपारी ती नातीवर घसरली.

"नाटकं पुरे झाली तुझी! तुझ्या नादाने मी मावशींना काढलं. हा वाडगा रिकामा झाल्याशिवाय इथून उठायचं नाही."

पोरगी बसून राहिली. गिऱ्हाइकं जेवून गेली. सूप निवलं, वर तवंग धरला, कोथिंबीर काळपट पडली. एवढंसं तोंड करून ती एक चमचा घ्यायची, अंग शहारायचं, डोळे घट्ट मिटून गिळायची. रडणंही मोठ्याने नाही. मी माझ्या जागेवरून तो वाडगा बघत होते, आणि पहिल्यांदा मला स्वतःच्या अंगाला येणारा वास नकोसा झाला. ज्याचा मला इतका तोरा होता, त्याने एका बाईचं काम गेलं होतं आणि एक लेकरू छळलं जात होतं.

तिचा बाप तिला न्यायला आला. त्याने वाडगा पाहिला, पोरीचं तोंड पाहिलं, आणि तो आईसमोर जाऊन उभा राहिला.

"आई, तिला उठू दे. मलाही तसंच लागतं."

"काय लागतं?"

"साबण. कोथिंबिरीचा. लहानपणापासून."

मालकीण त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे, जन्मभर तू माझ्या हातचं खाल्लंस…"

"गिळलं," तो म्हणाला. "लहान असताना एकदा बोललो होतो. तू चमचा टाकून आत निघून गेलीस आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस. मग परत नाही बोललो. काही जणांना ही तशीच लागते, आई. ज्याची त्याची जीभ. त्यात कुणाची चूक नाही."

"आणि मावशींना बोलले तेव्हा? तेव्हा तुझी जीभ कुठे गेली होती?"

त्याने पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. मालकीण टेबलाशी गेली. मग तिने जुडीतलं एक पान खुडलं आणि तोंडात टाकलं. हळूहळू चावत राहिली. तिला त्यात तीच ताजी, हिरवी, लाडकी चव लागली असणार. तिच्या जिभेला दुसरी चव कळणं शक्यच नव्हतं, आणि बहुतेक तेच तिला त्या वेळी कळलं.

दुसऱ्या दिवशी ती मावशीकडे गेली. मोकळ्या हाताने जायचं तिला धाडस होईना, म्हणून जाताना मला बगलेत मारलं. मावशी गावाबाहेरच्या एका कारखान्याच्या पायऱ्या धूत होती. शिंप्याने गावभर सांगत सुटून आपलं काम चोख केलं होतं. आमच्या रस्त्यावरच्या एकाही स्वयंपाकघराने तिला उभं केलं नव्हतं. पायऱ्या धुवायच्या औषधाने तिच्या बोटांची सालं निघाली होती. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मालकिणीकडे. माझ्या चिरेवरून बोट फिरवून म्हणाली, "साबण लावलात ना हिला?"

मालकिणीने सगळं सांगितलं. सांगताना ती दोनदा अडखळली. शेवटी म्हणाली, "माझं चुकलं, मावशी. उद्यापासून या."

"इथं म्हणून काय उपयोग, बाई? इथं ऐकायला कोण आहे?" मावशीने बादली उचलली. "जिथं बोललात तिथं सांगा."

मालकिणीच्या तोंडचं पाणी पळालं. मावशीला परत घेणं सोपं होतं. पण भरल्या खानावळीत उभं राहून, ज्या कोथिंबिरीवर आपलं नाव झालं ती काहींना साबणासारखी लागते असं सांगायचं? परतीच्या वाटेवर तिने मला इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या बरगड्यांतली धडधड मला कळत होती. पुढचे काही दिवस ती रोज जेवणाच्या वेळी टेबलाशी यायची, घसा साफ करायची आणि पुन्हा वाडगे भरायला लागायची. मी मनात म्हणायचे, बोल गं बाई, तुला तरी तोंड आहे.

मग एका दुपारी दारात मावशी दिसली. आत आली नाही, उंबऱ्याशी उभी राहिली. मालकिणीने तिला पाहिलं आणि हातातली पळी खाली ठेवली.

"जरा ऐकता का सगळे," ती म्हणाली. मग मोठ्याने पुन्हा म्हणाली. "मावशींच्या भांड्यांना साबण नव्हता. कधीच नव्हता. ती चव माझ्या कोथिंबिरीची. काही जणांना ती तशी लागते. माझ्या मुलाला लागते, नातीला लागते. मी मात्र खोटा आळ घेतला मावशींवर, इथंच, तुमच्यासमोर. चूक माझी होती."

शिंप्याने वाडग्यात तोंड खुपसलं होतं. थोड्या वेळाने तोच पुटपुटला, "म्हणजे मलाही कोथिंबीरच…" आणि लाजून पुढचं गिळून टाकलं. त्याला कुणी हसलं नाही.

मावशी आत आली. कोपऱ्यातली खुर्ची ओढून बसली, गिऱ्हाइकासारखी. मालकिणीने वाडग्यात सूप ओतलं, सवयीने तिची मूठ माझ्यावरच्या ढिगाकडे गेली, आणि मध्येच थांबली. तिने विचारलं. त्या खानावळीत पहिल्यांदा कुणीतरी कुणालातरी विचारलं.

"मावशी, कोथिंबीर घालू?"

मावशीने पदर सावरला. मग म्हणाली, "घाला. भरपूर घाला. मला फार आवडते."

मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं या बाईने माझ्या पाठीवरची कोथिंबीर धुतली, पण तिच्या वाडग्यात ती पडलेली मी एकदाही पाहिली नव्हती. सगळे जेवून गेल्यावर ती उरलंसुरलं घेऊन बसायची, तेव्हा मी धुऊन खिडकीशी उभी असायचे. तिला आवडते हे मला माहीत नव्हतं. मालकिणीला तर नव्हतंच. मालकिणीने उरलेली अख्खी जुडी माझ्यावर घेतली आणि चिरायला लागली. तिला समोरचं नीट दिसत नव्हतं. तिच्या डोळ्यांतलं खारं पाणी माझ्या चिरेत उतरलं.

मावशी सावकाश, चवीने जेवली. वाडगा पावाने पुसून घेतला. मग उठली आणि हाताच्या सवयीने वाडगा उचलून मोरीकडे निघाली. दोन पावलं गेली. थांबली. मागे वळून तिने तो वाडगा टेबलावर ठेवला, जिथे गिऱ्हाइकं ठेवतात तिथे, आणि "येते, बाई" म्हणून निघून गेली. ती पुन्हा कामाला आली नाही. तो वाडगा मालकिणीने धुतला.

आता कोथिंबीर वेगळ्या वाटीत ठेवतात, हवी त्याने घ्यावी. पोरगी नुसतं सूप पिते आणि वाडगा चाटून पुसून साफ करते. माझ्यावर पूर्वीइतका ढीग होत नाही. मालकीण मला हल्ली मीठ लावते, पण तिचा हात मऊ आहे, आणि माझी चीर काही बुजत नाही.

मित्रांनो, फळी म्हणून तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे: आम्हाला ओलं टाकून देऊ नका. पण तोंड नसलेली एक म्हातारी म्हणून आणखी थोडं मागते. तुमच्या घरात जी बाई तुमची ताटं धुते, तिला काय आवडतं हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल, तर आज तिला विचारा. आणि ती सांगेल ते तुम्ही जेवून उठायच्या आधी तिच्या ताटात वाढा.